उत्तराची वाट पाहायला शिकवणाऱ्या सोनकांबळे मॅडम

विमलताई सोनकांबळे, म्हणजे आम्हा सर्वांच्या सोनकांबळे मॅडम, पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. सर्वेक्षणासाठी घरोघर जाणाऱ्यांना त्या नांदेड-लातूर भागात आयुष्यभर शिकवत आल्या. त्यांची माझी पहिली गाठ नांदेडच्या एका प्रशिक्षणात पडली. खरं सांगायचं तर सर्वेक्षणाची ही नोकरी सोडायचं मी तोवर मनाशी पक्कं केलं होतं.

मॅडमची रीत अशी, की लोकांना विचारायचे प्रश्न आधी आपण स्वतः ऐकायचे आणि उत्तरं द्यायची. जोड्या लागल्या, तेव्हा माझ्यासमोर खुद्द मॅडम बसल्या. वय, शिक्षण, घरात माणसं किती, सगळं सुरळीत चाललं. मग त्यांनी विचारलं, "एखादं लेकरू होऊन वारलं का?"

माझी लेक दीक्षा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी त्यांच्या हातातल्या कागदाकडेच बघत राहिले. शेजारची बाई कळवळून म्हणाली, "मॅडम, न्हाई लिहा अन् पुढं चला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या वाट पाहत राहिल्या. बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "एक मुलगी होती."

"नाव काय ठिवलं होतं, बाई?"

नाव लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. मी सांगितलं आणि सगळ्यांदेखत रडले. आमच्या घरात तिचं नाव काढायचं नाही, असा दंडकच होता.

मग मॅडम वर्गाला म्हणाल्या, "आपल्याला विचारवत न्हाई म्हणून आपण 'न्हाई' लिहून मोकळं होतो. पन लेकरू झालं होतं की! आपणच लिहिलं न्हाई, तर त्या गावाला दवाखाना कशापायी मिळंल?"

तशा मॅडम काही मऊ नव्हेत. रेणापुरात उभ्याउभ्या प्रश्न उरकणाऱ्या एका साहेबांना त्यांनी "लई घाई आसंल तर घरी जावा" असं तोंडावर सुनावलं. दुपारी डबा उघडला, तेव्हा पहिली भाकरी मात्र त्याच साहेबांच्या हातावर ठेवली.

मी नोकरी सोडली नाही. आज लातूरला नव्या मुलींना मीच शिकवते.

दीक्षाच्या वाढदिवशी मॅडमचा फोन दरवर्षी येतो. "आज केवढी झाली असती गं?" एवढंच विचारतात आणि माझं बोलून होईस्तोवर ऐकतात.

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. माझ्या इच्छेत थोडा स्वार्थही आहे. माझ्या लेकीचं वय मोजणारं, माझ्याखेरीज, दुसरं कुणी या जगात नाही.