निघताना टोकू नये

ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे आमच्या गावात सगळ्यांना त्याची दया येते. तळ्याकडच्या माळावर मी आणि माझ्या मित्रानं ते जुनं विमान जोडायला घेतलं आणि बघ्यांची जत्रा भरली. आधी पंख चढवायचे. मग वैमानिकाच्या दांड्यापासून पंखांपर्यंत आणि शेपटीपर्यंत जाणाऱ्या सळया जोडायच्या, प्रत्येक सांध्यात पिन घालायची, ओढून बघायची. मध्येच कुणी बोललं तर पुन्हा पहिल्या सांध्यापासून. हा नियम मी ओरडून सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी!

"वरनं मुरुड दिसंल काय रं?" चुलत्यांनी विचारलं. मी पहिल्यापासून. "पेट्रोल कुठं टाकतोस?" शेजाऱ्यानं विचारलं. पुन्हा पहिल्यापासून. एका मावशीनं तर माझं पोट किती सुटलंय ते सगळ्यांना ऐकवलं. डोक्याचा नुसता भुगा झाला. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझ्याच माणसांचा उबग आला. फक्त आई एका बाजूला उभी राहून सगळं बघत होती, चकार शब्द न बोलता. निदान एक तरी शहाणं माणूस आहे, असं मला वाटलं.

शेवटी जोडणी झाली. मित्रानं शेपटीची हलती पट्टी हातानं दाबून धरली, मी आतून दांडा रेटला. सगळं घट्ट होतं. मग ढेकळांतून गचके खात विमान ढकलत नेलं. ज्या दोरानं ते वर ओढतात तो दोर लावायचा तेवढा राहिला. मी आत बसून पट्टे आवळले. आई मागून चालत आली आणि मिटलेली मूठ तिनं माझ्या तोंडासमोर धरली. अंगारा असणार म्हणून मी कपाळ पुढे केलं.

तिनं मूठ उघडली. आत शेपटीच्या सांध्याची पिन होती. ती नीट बसली नसणार.

"कुठं मिळाली?"

"तुमी ढकलताना पडली. मी उचलली."

"मग बोलली का नाहीस?" मी इतक्या जोरात ओरडलो की चुलतेसुद्धा गप्प झाले.

"निघालेल्या मानसाला टोकू नये."

मी ताडकन उतरलो. तो सांधा हवेत सुटला असता तर विमानाचं नाक वर-खाली करायला माझ्या हातात काहीच उरलं नसतं. दिवसभर अख्ख्या गावानं मला टोकलं, आणि टोकायचं तेव्हा हिनं मौन धरलं! मी पिन भोकात घातली आणि दोनदा ओढून बघितली. "अगं, मेलो असतो मी," मी म्हणालो.

"तुज्या बापाला मी डब्यासाठी हाक मारून माघारी बोलावला व्हता," ती हळूच म्हणाली. "तवा समदी म्हनली, टोकलंस कशाला."

वडील माणगावजवळ हायवेवर अपघातात गेले, एवढंच मला माहीत होतं. डब्याचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.