सव्वा मूठ गहू

धुळ्यात आमच्या समोर एक अक्का राहायच्या. सकाळी जिनिंग गिरणीचा भोंगा व्हायच्या आत त्या आडाचा दोर धुऊन घ्यायच्या, मगच पाणी शेंदायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "मना हातमा नई, देवना कायदा शे." उपासाला काय चालतं, सुतकात कोणी कुठे बसायचं, सगळ्याला हेच उत्तर, माझ्या हातात काही नाही. देवाचा कायदा यांनाच तेवढा तोंडपाठ, असं मी मनात म्हणे. समोर बोलायची छाती नव्हती.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई देवी बसे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढून, दळून, त्याचे गोड रोट करत. ते कुळातल्यांनीच खायचे. सासरी गेलेली लेक परक्या कुळाची, तिला रोट नाही. एका वर्षी अक्कांची लेक नवऱ्याने टाकली म्हणून कायमची माहेरी आली होती. पंगत बसली तरी ती चुलीपाशीच थांबली. अक्का उठल्या, आपल्या ताटातला रोट मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"वहिनी, लेकले रोट चालत नई!" धाकटे दीर ओरडले. ओट्यावर बसलेली मीसुद्धा दचकले.

"कानबाई बी मायच शे," अक्का म्हणाल्या. मग लेकीकडे वळून, "खाय."

पुढच्या श्रावणात गहू काढताना त्यांनी सव्वा मूठ जास्तीची टाकली. दिरांनी विचारलं, ही कोणाची?

अक्कांनी लेकीचं नाव घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "मना हातमा नई, देवना कायदा शे."