धूर पाहून की आवाज ऐकून

अन्याय झाला तो माझ्या अक्कावर, आणि कधी झाला हे मी मिनिटासकट सांगते. परीक्षेला दीड महिना उरलेला असताना, एका शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, कॉलेजच्या फळ्यावर निवडीचा कागद लागला आणि त्यावर तिचं नाव नव्हतं.

युरोपात विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरणार होती. मुलींच्या शंभर मीटरला आपल्याकडून एकच जागा. चाचण्या दोन ठिकाणी झाल्या, एक आमच्या बंगळूरला आणि दुसरी उत्तरेतल्या एका शहरात. दोन्हीकडच्या वेळा निवड समितीने शेजारी शेजारी ठेवल्या आणि निकाल दिला. अक्का बारा पूर्णांक सात सेकंद, तिकडची मुलगी बारा पूर्णांक पाच. दोघी एका रेषेवर कधी उभ्याही राहिल्या नव्हत्या. अक्का शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा संपली की ती विद्यार्थिनी राहणार नव्हती, म्हणजे पुढच्या खेपेची बातच नको.

मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिणारी. शनिवारी सकाळी माझं पत्रक तयार होतं. मथळा: ‘दोन दशांशांची चोरी!’ तिकडचं घड्याळ त्या मुलीच्या ओळखीतल्या माणसाच्या हातात होतं, असं मी त्यात बेधडक ठोकून दिलं होतं. मला काय माहीत होतं? काहीही नाही. सायक्लोस्टाइलवर प्रती काढून शाईने हात काळे झाले होते, तेवढा पुरावा मला पुरेसा वाटत होता.

आमच्या मागच्या घरात पुण्याहून आलेले एक इंजिनियर राहत. सरकारी कारखान्यात यंत्रांची मोजमापं तपासायचं त्यांचं काम, म्हणून बंगळूरच्या चाचणीला त्यांना टाइमकीपर नेमलं होतं. वजनदार सही मिळेल म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

काकांनी पत्रक दोनदा वाचलं. “हे तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? उघड आहे.”

“मला नाही दिसत उघड. त्यांनी घड्याळ कशावर सुरू केलं? धूर पाहून की आवाज ऐकून?”

“त्याने काय होतं?”

“अगं, पिस्तूल वाजतं सुरुवातीच्या रेषेवर आणि टाइमकीपर उभा असतो शेवटच्या फितीपाशी, शंभर मीटर लांब. धूर लगेच दिसतो. आवाजाला यायला वेळ लागतो. म्हणून नियम असा की धूर दिसला की बटण दाबायचं. आम्ही इथल्या तिघा टाइमकीपरांनी तसंच केलं.”

“आणि तिकडे?”

“ते मला काय ठाऊक? चोरी झाली असं तू म्हणतेस, मी नुसतं विचारतोय.”

मला राग आला. “असा कितीसा फरक पडणार, काका?”

“गणित करून सांगू, की मैदानावर बघतेस?”

रविवारी सकाळी काका, अक्का आणि मी शहराबाहेर यशवंतपूरच्या पलीकडच्या मोकळ्या माळावर गेलो. काकांनी खोक्याच्या दोन फळ्या बिजागरीने जोडून आणल्या होत्या. अक्काने सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून त्या डोक्यावर धरायच्या आणि फाडकन मिटायच्या. मी आणि काका शंभर मीटरवर, दोघांच्या हातात एकेक स्टॉपवॉच. काका फळ्यांकडे बघत, मी पाठ करून उभी. त्यांनी फळ्या मिटताना पाहून बटण दाबायचं, मी आवाज ऐकून. मग काका दहा आकडे मोजून “थांब” म्हणत आणि दोघं एकदमच घड्याळ बंद करत असू.

पहिल्याच खेपेला माझं घड्याळ तीन दशांशांनी मागे.

“तू पेंगत होतीस,” अक्का लांबून ओरडली.

पुन्हा केलं. तीन. मग दोन. मग परत तीन. माझं घड्याळ एकदाही काकांच्या पुढे गेलं नाही. शेळ्या घेऊन चाललेली एक बाई अक्कापाशी थांबली आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारून हसत सुटली.

“काय म्हणते गं?”

“विचारते, पाखरं हाकायची तर स्वल्प, जरा शेतात तरी जा म्हणून!”

मला मात्र आता थांबवत नव्हतं. वारा आपल्याकडून तिकडे वाहत असला तर? टाइमकीपर फितीच्या अलीकडे उभा असला तर? काका कंटाळून खाली बसले तरी मी त्यांना उठवून बटण दाबायला लावत होते. पत्रक पिशवीतच राहिलं. आवाजावर सुरू केलेलं घड्याळ उशिरा चालू होतं, म्हणून वेळ कमी दाखवतं. मुलगी तीच, पाय तेच, आणि कागदावर मात्र ती जास्त वेगवान! इतकी साधी गोष्ट मला विसाव्या वर्षापर्यंत कुणी का सांगितली नव्हती?

परतताना काकांचा चेहरा पडला होता. “म्हणजे आम्ही नियमाने वागलो म्हणून तू मागे पडलीस.”

“सरी, असू दे काका, तुमची चूक नाही ती,” अक्का म्हणाली. “खोट्या वेळेवर गेले असते तर युरोपात जाऊन तोंडावर पडले असते.”

पण उत्तरेतल्या चाचणीत खरंच आवाजावर वेळ घेतली होती का? ते विचारायचं तर एकाच माणसाला विचारता येत होतं. मी त्या मुलीला तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर पत्र टाकलं. टाइमकीपर कुठे होते, त्यांना पिस्तूल वाजवणारा स्टार्टर दिसत होता का, एवढंच विचारलं. नवव्या दिवशी उत्तर आलं.

तिने लिहिलं होतं की टाइमकीपर मांडवात खुर्च्यांवर बसले होते. मांडव आणि सुरुवातीची रेषा यांच्या मध्ये पाहुण्यांची मोटार उभी होती, त्यामुळे धूर दिसणं शक्यच नव्हतं. सरावात तिला एवढी चांगली वेळ कधी मिळाली नव्हती आणि तिलाही तेव्हा नवल वाटलं होतं. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘तुमच्या बहिणीबरोबर धावायला मी तयार आहे. हे पत्र हवं त्याला दाखवा.’

आणि हिला मी चोर म्हटलं होतं. काही पत्रकं शनिवारीच मैत्रिणींच्या हाती गेलीही होती.

अक्काने पत्र वाचून घडी घातली. “आधी ती सगळी पत्रकं परत आण. मग अर्जाचं बघू.”

“आणि कुणी दिलं नाही तर?”

“तर त्यांच्यासमोर कबूल कर की खोटं लिहिलं होतं.”

मी तसं केलं. वसतिगृहातल्या दोघी मैत्रिणींनी मला चहा पाजून वर टोमणे मारले.

मग अर्ज गेला. खाली अक्काची सही, आणि टपालाने मागवलेली त्या मुलीचीही. सोबत काकांनी लिहिलेला माळावरच्या मोजणीचा तक्ता. मागणी एकच होती: दोघींना एका मैदानावर, त्याच घड्याळांवर धावू द्या. जी पुढे येईल ती जाईल.

उत्तर येईना म्हणून अक्का आणि मी समितीच्या कार्यालयात गेलो. समितीच्या साहेबांनी तक्ता उलटासुलटा पाहिला.

“शंभर मीटर यायला आवाजाला वेळ लागतो म्हणे! मग रेडिओवर आम्ही कालच्या बातम्या ऐकतो की काय?”

अक्का शांतपणे म्हणाली, “साहेब, तळ्याच्या पलीकडे धोबी कपडे आपटतो ते बघा. कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो.”

“तुम्ही धावायचं की धोबी बघत बसायचं?”

“धावायचंच मागतोय,” अक्का म्हणाली. “तेच तर तुम्ही देत नाही.”

साहेब हसायचे थांबले. नेमलेल्या टाइमकीपरांनी दिलेल्या वेळा अंतिम आहेत, असं चार ओळींचं पत्र त्यांनी आमच्यासमोर टाइप करून दिलं.

ती मुलगी युरोपला गेली. पहिल्याच फेरीत मागे पडली. तिथून तिने अक्काला कार्ड पाठवलं. तिकडे टाइमकीपरांना जिन्यासारख्या पायऱ्यांवर एकामागे एक उंच उभं करतात म्हणे, म्हणजे कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही आणि सगळ्यांना धूर दिसतो. त्या घड्याळांवर तिची वेळ आली बारा पूर्णांक आठ; अक्काची होती बारा पूर्णांक सात.

अक्काने ते कार्ड मला वाचायला दिलं आणि ती पुस्तकं घेऊन बसली. परीक्षा दिली, पास झाली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. तिने पुन्हा धावायचे स्पाइक्स घातले नाहीत. कुणी विचारलं तर ती म्हणते, वेळच मिळत नाही. मला ते पटत नाही, आणि तिलाही माहीत आहे मला पटत नाही ते.

हे वाचणाऱ्याला माझं सांगणं आहे. तुमच्या कॉलेजातही निवड चाचणी होत असेल. तिथे जा आणि टाइमकीपरच्या मागे उभे राहा. बटण दाबताना त्याची नजर कुठे आहे ते बघा. स्टार्टर दिसत नसेल तर शर्यत सुरू होण्याआधी ओरडून सांगा, नंतर नव्हे. आणि दोन गावांच्या वेळा कागदावर शेजारी ठेवून कुणी निवड करत असेल, तर दोन्ही गावांच्या मुलींना एका रेषेवर उभं करा अशी मागणी लेखी द्या, आणि उत्तरही लेखीच घ्या.