भिंतीआधीची चौकट

अन्याय झालाय तो आमच्या थोरल्या मामांवर, आणि झालाय गेल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मुरूमकडं जाणाऱ्या रस्त्याला गावठाण संपतं तिथं. अख्ख्या उमरगा तालुक्यात सरकारला मामांइतका भिणारा दुसरा माणूस नाही, आणि बेकायदा बांधकामाची नोटीस आली ती नेमकी त्यांनाच.

मामांचं भिणं साधंसुधं नाही. पांढरी जीप दिसली की ते उठून उभे राहतात आणि सदऱ्याचं वरचं बटण लावतात. मग जीप दुधाची असो नाहीतर लग्नाची. एकदा वऱ्हाडाच्या जीपमधल्या नवरदेवाला त्यांनी हात जोडून सांगितलं होतं की, आमची घरपट्टी भरलेली आहे. पोस्टमन आला की आधी मामींना विचारतात, आपलं काही चुकलं का. शेजाऱ्याच्या भिंतीची सावली त्यांच्या अंगणात पडते, तर तिथं बसायलाही त्याची परवानगी मागतात. तो बिचारा वैतागून आता खिडकीतूनच ‘बसा’ म्हणतो.

असा माणूस घर बांधायला निघाला. गावठाणातल्या दोन खोल्यांत दोघा भावांचे संसार मावेनात, म्हणून गावाच्या कडेला, स्वतःच्याच रानाच्या तुकड्यात. अर्ज दिला, नकाशा दिला, मोजणी झाली. तालुक्याच्या ऑफिसात दर वेळी उत्तर एकच, साहेब दौऱ्यावर आहेत. मी जाऊन भांडते म्हटलं की मामा माझा हात धरायचे. पत्रकं वाटून वाटून माझी जीभ सुटलीय, असं त्यांचं मत. जागेवर पांढऱ्या फक्कीनं खोल्या आखून झाल्या होत्या, आणि परवानगी नाही म्हणून मामा त्या रेषांवर पायसुद्धा ठेवत नव्हते. मग मठातल्या स्वामींनी चौकट बसवायचा मुहूर्त काढून दिला. हा चुकला तर यंदा दुसरा नाही म्हणाले. मामांनी विचार केला, भिंत म्हणजे बांधकाम, चौकट म्हणजे पूजा. पूजेला कुठं परवानगी लागते? जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला न विचारता काहीतरी केलं. सागवानी चौकट बांबूचे टेकू देऊन मोकळ्या रानात उभी केली, विभूती लावली, हळदकुंकू वाहिलं, आंब्याचे डहाळे बांधले. अलीकडं तूर, पलीकडं तूर, मधे चौकट.

गेल्या सोमवारी जीप आली ती मात्र खरोखर सरकारी. ऑफिसचा माणूस उतरला. मामांनी घाईघाईनं बटण लावलं आणि त्याला आत या म्हणाले. तो बूट काढून, उंबरठ्याला हात लावून, वाकून आत आला. आत म्हणजे तुरीत. गूळपाणी घेतलं, आणि मग त्याच चौकटीला नोटीस चिकटवली. आठ दिवसांत काढा, नाहीतर जेसीबी येईल.

“भिंत न्हाय, छत न्हाय, साहेब,” मामा म्हणाले. “ह्येला घर कसं म्हणता?”

“घर कुठं म्हणतोय मामा? बांधकाम म्हणतोय.”

रस्त्यापलीकडं एका पुढाऱ्याचा दुमजली बंगला विनापरवानगी उभा आहे. सरकारी जीप त्याच्याच सावलीत लावली होती. हे मी मोठ्यानं बोलले, तर मामांनी माझ्याच वतीनं त्या माणसाची माफी मागितली.

तेव्हापासून मामा धड जेवत नाहीत. रस्त्यानं ट्रॅक्टर धडधडला तरी पळत जाऊन चौकट धरून उभे राहतात. काल मला जवळ बसवून म्हणाले, “पोरी, पुजलेली चौकट म्या माझ्या हातानं काढली तर घर मोडल्यासारखं हुतंय. मशिननं मोडली तर तुझी मामी बघंल. लई वर्सं वाट बघितली गं तिनं. काय करू, सांग.” मला येतं ते मोर्चा काढणं आणि पत्रक लिहिणं, म्हणून हे पत्रक लिहायला बसले. मामींना अजून नोटीस वाचून दाखवलेली नाही. आपल्या स्वयंपाकघराला उजेड कुठून येईल, हे त्या तुरीत उभ्या राहून ठरवत असतात, आणि मामा हो हो म्हणत असतात.

येत्या सोमवारी मुदत संपते. सकाळी दहाच्या आत तिथं या. फलक आणू नका, घोषणा देऊ नका, मामा घाबरतील. नुसतं त्यांच्या बाजूला उभं राहा.