तळाचा मासा

दादाचा शेवटचा फोन माशाबद्दल होता, हे मी कुणाला सांगत नाही. तो लोट्याला कंपनीत होता, घरी फक्त शनिवार-रविवारी यायचा. "टाकीच्या तळाला एक मासा हवाय, उरलेलं खाणं खाली कुजतंय. दुकानात जाशील का? पण कसला आणायचा ते नीट ऐक," तो सांगत होता. त्या गुरुवारी मी नुकती शाळेतून आले होते, पोटात कावळे ओरडत होते. "मासे मला शिकवू नकोस. शनिवारी येशील तेव्हा तूच आण," म्हणून मी फोन ठेवला. शुक्रवारी कामावरून सुटताना त्याच्या छातीत कळ आली. शनिवारी त्याला घरी आणलं.

आमचं घर मासळीवर जगलेलं. आई चाळीस वर्षं बाजारात पाटी घेऊन बसली. असल्या घरात दादाने बाहेरच्या खोलीत सहा फुटी काचेची टाकी आणली आणि तीत ऑस्कर जातीचा एक मासा सोडला. काळा, नारिंगी डागांचा, वाढून वाढून पापलेटाएवढा झालेला. माझ्या कपाटाची जागा त्याने खाल्ली म्हणून मी वर्षभर कुरकुरत होते.

दादा गेला आणि फाटकाची कडी वाजली की ऑस्कर काचेशी येऊन दाराकडे तोंड करून थांबू लागला. तो वळला की आईही वळे. आत यायचे मी. दोघांच्या नजरा माझ्यावरून घसरून माझ्या मागे जात. मला भीती वाटायची, रागही यायचा. पण हा मासा मेला तर आईचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि पाणी तर रोज गढूळ होत चाललं होतं.

"तळाला शिंगाळ्यासारखा बघ गो," आई म्हणाली. "चिखलात ऱ्हातो, पडेल ता खातो." दुकानात तसाच एक बोटभर, मिशांचा मासा दिसला. टाकी कुणाची, आत काय आहे, असं दुकानदार विचारू लागला. "मासेवालीची मुलगी आहे मी," असं सुनावून मी त्याला गप्प केलं.

सोडल्याबरोबर ऑस्करने तो गिळला. म्हणजे अर्धाच. शिंगाळ्यासारखे त्यालाही मानेशी काटे होते, ते ताठ उभे राहिले आणि ऑस्करच्या जबड्यात रुतले. शिंगाळा पाटीत टाकण्याआधी आई त्याचे काटे मोडते, हे मी लहानपणापासून बघितलंय. पण आम्हाला कळतो तो मेलेला मासा. जिवंत मासा आमच्या घरात एकट्या दादाला कळायचा.

आईने पदर ओला केला, ऑस्करला त्यात धरलं आणि कात्रीने ते काटे मुळाशी तोडले. "आयुष्यभर मासे कापले मी," ती रडत म्हणाली, "ह्यो एक जगूं दे." छोटा मेला. ऑस्कर दोन दिवस तळाशी कुशीवर पडून होता. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा पोहू लागला.

मग मी नाक मुठीत धरून परत दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. सहा फुटी टाकी, मोठा ऑस्कर, भाऊ लोट्याला होता, त्या शुक्रवारी गेला. दुकानदाराने हातातली जाळी खाली ठेवली.

"त्याच्या तोंडात मावणार नाही असाच मासा हवा," तो हळू आवाजात म्हणाला. "अंगाने चिवट. सोडायच्या आधी टाकीतले दगड हलवा, म्हणजे जुन्याला आपली जागा ओळखता येत नाही. त्याचं पोट भरलेलं असू दे आणि दिवा बंद." बोलत होता तो, पण मला ऐकू येत होता दादा. फोनवर राहिलेलंच तो पुरं करत होता.

मागच्या टाकीत दगडाला चिकटलेला एक सकर होता, तळाचं उरलंसुरलं खाणारा, चांगला वीतभराहून मोठा. "हा तुमच्या भावाचाच. ठेवून घ्यायला सांगितलेला."

"कधी?"

"ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन आला होता. म्हणाले, बहीण येईल न्यायला. आता रागावलीय, पण येईल."

पिशवी दोन्ही हातांत धरून मी घरी आले. कोपराने फाटक ढकललं, कडी वाजली. ऑस्कर काचेशी आला, आई वळली. दोघंही माझ्या मागे बघत होती. या वेळी मीही मागे वळून बघितलं.