तिसरा शेरा

मोठ्या सिस्टरनी दवाखान्याच्या रक्तदाबाच्या खोलीत एकवीस वर्षं काढली होती, आणि आता त्यांना त्या खोलीची शिसारी आली होती. खोली म्हणायचं आपलं. एक हॉल, एक लांब बाकडं, त्यावर खेटून बसलेली माणसं. दंडाला पट्टा आवळायचा आणि आकडा पलीकडच्या टेबलापर्यंत ओरडून सांगायचा. कोणाचं किती चढलंय ते दारावरच्या चौकीदारालाही तोंडपाठ. मागच्या महिन्यात याच हॉलमध्ये 'रुग्णाचा मान कसा राखावा' यावर दिवसभर प्रशिक्षण झालं. तेवढा वेळ रुग्ण बाहेर उन्हात. सिस्टरना प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी घरी नेऊन कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं.

त्या दिवशी बाकड्यावर एक म्हातारी आली, बरोबर तिचा मुलगा. एकशे नव्वद. फाईलवर आधीचे दोन लाल शेरे होते, 'ऐकत नाही'. तिसरा पडला की फुकटची औषधं बंद, असा नियम. दोन्ही शेरे सिस्टरच्याच हातचे होते.

"गोळ्या घेता ना मावशी?" सिस्टरनी विचारलं.

"कसली घेते!" मुलगाच बोलला. "हट्टी आहे नुसती. मी सांगून थकलो."

म्हातारी जमिनीकडे बघत राहिली. मागच्या दोन्ही वेळेलाही ती अशीच गप्प होती आणि मुलगाच बोलला होता, हे सिस्टरना आता आठवलं. लिहून मोकळं व्हायची घाई, दुसरं काय! त्यांना स्वतःचाच संताप आला. त्यांनी मुलाला केसपेपरच्या रांगेत पिटाळलं आणि म्हातारीला सामानाच्या खोलीत नेलं. फिनेलचे डबे, ओले पोछे, एक मोडकी खुर्ची. तिच्यावर तिला बसवलं आणि दार लोटलं.

"आता बोला. मी कोणाला सांगणार नाही."

म्हातारीने बराच वेळ पदराचं टोक पिळलं. "ती पांढरी गोळी घेतली की दर तासाला जावं लागतं गं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, संडास खाली अंगणात. जिन्यात बाप्ये पत्ते कुटत बसलेले असतात. प्रत्येक वेळी त्यांना उठवायचं, की ते हसतात. सून म्हणते, कोपऱ्यात बादली ठेवते. एकच खोली आमची. मुलासमोर बादलीवर बसू? त्यापेक्षा मेलेली बरी."

इतकी साधी गोष्ट! लघवी न वाढवणारी दुसरी गोळी समोरच्या कपाटात पडून होती. फक्त बदलून द्यायचा अधिकार डॉक्टरांचा. सिस्टरनी फाईल उघडली, 'ऐकत नाही' हा रकाना खोडला आणि बाजूला सविस्तर कारण लिहिलं. गोळी, जिना, बादली, सगळं. डॉक्टरांना पटायला हवं ना!

डॉक्टर हॉलच्या मधोमध बसत. सिस्टर म्हातारीला घेऊन त्यांच्यापुढे गेल्या, रांगेतून परतलेला मुलगाही आला. त्यांनी फाईल घेतली, वाचली, आणि मोठ्यांदा हसले.

"अहो, लघवीला जायची लाज वाटते म्हणून गोळी घेत नाही? आजी, या वयात लाज? बादली आहे ना घरात!"

बाकडं खदखदलं. चौकीदारसुद्धा हसला. कसली ही माणसं! मुलगा लालबुंद झाला आणि आईपासून दोन पावलं लांब सरकला.

"साहेब, हळू बोला. आणि गोळी बदला," सिस्टर दात-ओठ खात म्हणाल्या.

"बदलली की," डॉक्टर म्हणाले आणि खरंच सही केली. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं.

सिस्टर नव्या गोळ्यांची पुडी घेऊन धावल्या. म्हातारी दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती. मुलगा केव्हाच पुढे निघून गेला होता.

"मावशी, ही घ्या. हिने त्रास होणार नाही. एकदाच घ्यायची, सकाळी."

म्हातारीने पुडीकडे पाहिलंच नाही. "मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्या डॉक्टरला नव्हतं सांगितलं."

ती गेली आणि पुन्हा कधीच आली नाही. सिस्टर पुडी घेऊन टेबलाशी परतल्या. फाईल तिथेच उघडी पडली होती. डॉक्टरांची किळस तर त्यांना आलीच होती, पण त्या पानावरचं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.