नवसाचा कोंबडा

“दाखव पाय. लपवू नको, दाखव.”

असं म्हणत शेजारच्या मावशी कोंबडी काखेत धरायच्या, तिचा पाय उलटा करायच्या आणि तळवा अंगठ्याने दाबून बघायच्या. कोंबडीही निमूट पाय द्यायची. सातपूरच्या आमच्या वसाहतीत घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हा दवाखाना मला रोज फुकटात बघायला मिळायचा. एकदा मी कुंपणापाशी चहा पीत उभा होतो, तर माझ्याच पायाकडे बघून म्हणाल्या, “दादा, टाच फुटलीय तुमची. तेल चोळत जा.” कोंबड्यांच्या रांगेत आपलाही नंबर लागला की कसं वाटतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

मावशी पेठकडच्या डोंगरातल्या. त्यांचे यजमान, आमचे काका, इथल्या कारखान्यात होते. निवृत्त झाले आणि अर्धांगाने आडवे पडले. ते दवाखान्यात असताना मावशींनी गावच्या डोंगरावरल्या देवाला कोंबडा बोलला होता. काका जिवंत घरी आले. वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण आले. म्हणजे नवस फेडायचा झाला. मागच्या अंगणातला तांबडा, काळ्या शेपटीचा कोंबडा त्यासाठीच राखलेला. अडचण एवढीच, की तो लंगडत होता.

“खोडीचा कोंबडा देव घेत नाय,” मावशी म्हणायच्या. “धड पायाचा पायजे.”

त्याच्या तळव्याला गाठ आली होती आणि मधोमध काळी खपली. मावशी कोमट पाण्यात मीठ टाकून त्याचा पाय त्यात धरून बसायच्या. खपली मऊ झाली की हलक्या हाताने सोडवायची, आतली घाण काढायची, जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं आणि जुन्या लुगड्याची चिंधी बोटांमधून गुंडाळायची. खुराड्यात ओल राहू द्यायची नाही, विष्ठा रोज काढायची. घरच्या माणसाचं कोणी इतकं करणार नाही, असं माझी बायको माझ्याकडे बघून म्हणायची.

मी फिटर माणूस. बिघाडाचं मूळ सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. बाकीच्या कोंबड्या धडधाकट आणि हाच का लंगडा? चार दिवस बघितल्यावर उलगडा झाला. हा रात्री काकांच्या खिडकीवरच्या पत्र्यावर बसायचा आणि सकाळी तिथून थेट सिमेंटच्या कोब्यावर उडी मारायचा. एवढं जड पाखरू, तळवा फुटणारच. मी रंधा मारून, कडा गोल करून एक ठेंगणा दांडा बनवला, खाली भाताचं तूस पसरलं. सगळ्या कोंबड्या खुशीत बसल्या. कोंबडाही बसला. पाय सुधारला, पेठला जायचं ठरलं आणि दोन दिवसांत स्वारी पुन्हा लंगडायला लागली.

असं पुन्हा पुन्हा झालं. माझ्या कामाची इतकी बेअब्रू कारखान्यातसुद्धा झाली नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली होती. कोंबड्याचा पाय सुजला, की काकांना भूक लागायची, डोळ्यांत ओळख दिसायची. पाय सुधारला की त्यांच्या घशाखाली पेज उतरायची नाही. योगायोग म्हणून मी सोडून देत होतो. पण तो कोंबडा कधी आरवायचा नाही हेही खरं, आणि काका पडल्या पडल्या डोळे वर करून नेमके पत्र्याच्या दिशेला बघत राहायचे हेही खरं. त्या खोलीत मी खिडकीकडे पाठ करून बसत नसे.

एका संध्याकाळी कामावरून आलो, तर मावशी स्टुलावर उभ्या. पेंगुळलेला कोंबडा माझ्या दांड्यावरून उचलून त्या पत्र्यावर ठेवत होत्या. मला बघून दचकल्या नाहीत.

“मावशी, हे काय? तुम्हीच?”

“पाय धड झाला का न्यावा लागल,” त्या खाली उतरत म्हणाल्या. “नेला का देवाचं फिटलं. आमच्याकडं म्हनतात, नवस अंगावर हाय तवर देव मानसाला हात लावत नाय. फिटला का दोघं मोकळे. देव बी, हे बी.”

“मग औषधपाणी कशाला करता त्याचं?”

“देवाला दिसाया नको का, मी झटतेय म्हनून?”

हसायला हवं होतं, हसू आलं नाही. देवाशी असा डाव खेळणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

पुढे काकांच्या टाचांना पडून पडून जखमा झाल्या. मावशी तेच कोमट पाणी, तशाच चिंध्या घेऊन बसायच्या. नर्स यायची, ड्रेसिंग करायची, तरी काळं पडलेलं भरून येईना. कूस बदलताना काका ओरडायचे. शब्द नव्हते, नुसता आवाज. भिंतीपलीकडे आम्ही जेवता जेवता हात थांबवायचो.

एके दिवशी मावशी कुंपणाशी आल्या. “आता त्याला वर नाय ठेवत, दादा. लय धरून ठेवलं मी.”

कोंबडा माझ्या दांड्यावर बसायला लागला. काही आठवड्यांनी मावशींनी तो माझ्यापुढे धरला. “तुमीच बघा. मला बघवत नाय.” तळव्यावर कोवळी गुलाबी कातडी आली होती. खोटं सांगावं असं फार वाटलं. “बरा झाला,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि त्याला न्यायची पाटी आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कोंबडा घेऊन पेठच्या जीपमध्ये बसल्या. काकांजवळ मी थांबलो. त्या दिवशी ते वर बघत नव्हते, दाराकडे बघत होते. दुपारी चहाचा कप ठेवून वळलो, तर खोलीत श्वासाचा आवाज नव्हता. मावशींना फोन लावत राहिलो, पण त्यांच्या डोंगरात रेंज लागत नाही.

संध्याकाळी त्या रिकामी पाटी घेऊन आल्या. मी दारात उभा होतो.

“कवा?” त्यांनीच विचारलं.

“दुपारी. चहाच्या वेळेला.”

“हां. तवाच दिला.”

त्या आत गेल्या, काकांच्या पायाशी बसल्या आणि कोणाला जवळ येऊ न देता त्यांच्या टाचांच्या चिंध्या एकेक करून सोडायला लागल्या.